असांतेंच्या सोन्याचा सातबारा

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने दोन राजघराण्यांच्या वस्तू त्यांच्या मूळ गावी उसन्या पाठवल्या. त्यातली एक गोष्ट आपल्याला पाठ आहे. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली, जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, पाहायला रांगा लागल्या आणि ती खरी की खोटी यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडे कुणी फारशी दखल घेतली नाही. घानातल्या कुमासी शहरात, असांते राजाच्या मान्हिया राजवाड्यातल्या संग्रहालयात, त्याच वर्षी १ मे रोजी ३२ वस्तू लोकांसमोर आल्या. १७ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या, १५ ब्रिटिश म्युझियमच्या. मुदत तीच, तीन वर्षं. फार तर पुढे आणखी तीन.

वाघनखांची बाब वेगळी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या पेटीवरच्या मजकुरानुसार ती ग्रँट डफला साताऱ्यात असताना भेट मिळाली. अफझलखानाच्या वेळची हीच ती, याचा पुरावा नाही असं खुद्द ते म्युझियमच सांगतं. कुमासीच्या बहुतेक सोन्याबद्दल अशी धूसरता नाही. ते कोणत्या दिवशी, कुणी, कोणत्या राजवाड्यातून उचललं आणि नंतर कुणाला विकलं हे इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. म्हणून मला प्रश्न पडतो: ज्याच्याबद्दल शंका आहे ते आणि ज्याच्याबद्दल कसलीच शंका नाही ते, दोन्ही एकाच फॉर्मवर, एकाच मुदतीने कसं दिलं जातं?

४ फेब्रुवारी १८७४ रोजी सर गार्नेट वुल्सलीचं सैन्य कुमासीत शिरलं. असांतेहेने, म्हणजे असांतेंचा राजा, कोफी कारिकारी आधीच शहर सोडून गेला होता. सैन्याने राजवाडा धुंडाळला, हाती लागलं ते बांधलं, मग सुरुंग लावून राजवाडा उडवला, शहराला आग लावली आणि ६ तारखेला परतीची वाट धरली. दोन दिवसांचं काम. असांते लोक आजही या लढाईला ‘सग्रेंती युद्ध’ म्हणतात. ‘सर गार्नेट’चा त्यांच्या जिभेवर झालेला तो अपभ्रंश. लुटीचा माल किनाऱ्यावर केप कोस्टला आणून लिलावात काढला गेला, पुढे त्यातला बराचसा लंडनच्या गॅरार्ड या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे पोचला आणि त्याच वर्षी त्यांच्याकडून १३ वस्तू व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने विकत घेतल्या. याखेरीज फोमेनाच्या तहात असांतेंवर ५०,००० औंस सोन्याची खंडणी बसवली ती वेगळीच. स्वतःचा राजवाडा जाळण्याचा खर्चही त्यांनीच भरायचा होता.

आता या वस्तू काय आहेत ते पाहिलं नाही, तर दागिन्यांची चोरी झाली आणि दागिने परत मागतायत इतकंच वाटेल. ३२ वस्तूंत एक तलवार आहे, मपोनपोनसो नावाची. ती शपथेची तलवार. तिच्या साक्षीने राजाशी निष्ठा वाहिली जाते, म्हणजे ती दरबाराचा भाग आहे, शस्त्रागाराचा नाही. सोन्याच्या गोल चकत्या आहेत. त्या राजाच्या आत्म्याची शुद्धी करणाऱ्या सेवकांनी छातीवर घालायच्या. ती घातलेला माणूस समोर असला तरच चकतीचा अर्थ लागतो. काचेच्या पेटीत ती नुसती नक्षीदार चकती उरते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक वस्तू आहे जी इंग्रजांना कधीच मिळाली नाही. सोन्याचं आसन, सिका द्वा कोफी. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने ते आकाशातून उतरवलं आणि ते ओसेई टुटूच्या मांडीवर आलं अशी असांतेंची श्रद्धा आहे. त्यात साऱ्या लोकांचा प्राण आहे. इंग्रजीत त्याला स्टूल म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मराठीत आपल्याला तो घोळ व्हायचं कारण नाही, कारण आपल्याकडे ‘गादी’ हा शब्द आहे. साताऱ्याची गादी म्हटल्यावर कुणी कापूस आणि खोळ डोळ्यांसमोर आणत नाही. फरक इतकाच की असांतेंच्या या गादीवर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. १९०० साली फ्रेडरिक हॉजसन नावाचा गव्हर्नर कुमासीत आला आणि जमलेल्या सरदारांना त्याने विचारलं की ते सोन्याचं आसन कुठे आहे, मला बसायला ते का आणलं नाही? राजा प्रेम्पे तेव्हा हद्दपार होता. त्याला १८९६ सालीच पकडून नेलं होतं. सरदार गप्प राहिले. काही दिवसांतच एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. तीही पकडली गेली आणि सेशेल्सला हद्दपारीतच वारली. पण आसन जंगलात लपवलेलं होतं, ते हाती लागलं नाही ते नाहीच. प्रेम्पेला परत यायला १९२४ उजाडलं.

ज्या लोकांनी एका आसनासाठी एवढं मोजलं, त्यांच्या राजाच्या शपथेची तलवार तुम्ही त्यांना तीन वर्षांसाठी ‘वापरायला’ देता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे संचालक ट्रिस्ट्रम हंट यांनी स्वतःच म्हटलं होतं की आम्हाला आमचे राजमुकुट जसे, तशाच या वस्तू घानाच्या लोकांना आहेत. मग टॉवर ऑफ लंडनमधले मुकुट एखाद्या परदेशी म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवर आणावे लागले असते तर कसं वाटलं असतं, हा प्रश्न त्यांच्याच वाक्यातून निघतो.

खेड्यात जमिनीचा वाद ज्याने पाहिलाय त्याला ही गोष्ट लगेच उमजेल. कसतोय कोण, राहतोय कोण, हे एक. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे दुसरं. आणि वाद सुरू असताना समोरच्याने भाडेचिठ्ठी पुढे केली तर जाणता माणूस सही करत नाही. भाडं एक रुपया असलं तरी नाही. कारण सही केली की मालक तो आहे हे तुम्ही स्वतःच्या हाताने कबूल केलंत. उसनवारीचा करार म्हणजे तीच भाडेचिठ्ठी. वस्तू येते, फुलं पडतात, फोटो निघतात, आणि कागदावर लुटणाऱ्याची मालकी लुटल्या गेलेल्याच्या सहीने पक्की होते.

इथिओपियाने ती सही केली नाही. त्यांची कथा सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात मुंबई आहे. १८६७-६८ साली सम्राट तेवोद्रोसने काही इंग्रजांना आणि इतर युरोपियनांना कैद करून ठेवलं होतं. त्यांना सोडवायला जी फौज गेली ती मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियरची. सुमारे १३,००० सैनिक, त्यातले बहुतेक हिंदी. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या, मुंबईहून जहाजात चढवलेले ४४ हत्ती होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मक्दाला गड पडला. तेवोद्रोसने राणी व्हिक्टोरियानेच कधीकाळी भेट दिलेल्या पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडली. मग लूट झाली. मुकुट, सोन्याचा चषक, क्रूस, शेकडो हस्तलिखितं. हे सगळं खाली आणायला १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरं लागली असं त्या मोहिमेच्या वृत्तान्तात आहे. आपल्याकडचे हत्ती, आपल्याकडचे माहूत.

या फौजेबरोबर ब्रिटिश म्युझियमने आपला एक माणूस पाठवला होता, रिचर्ड होम्स. संशोधक म्हणून. गड पडल्यावर धर्मगुरूचा सोन्याचा मुकुट आणि भरीव सोन्याचा चषक त्याने एका सैनिकाकडून चार पौंडांना घेतला. दोन दिवस चाललेल्या लिलावातही तो बोली लावत होता. म्युझियम हा लुटीचा माल नंतर कुठूनतरी सांभाळायला आलेला निष्पाप विश्वस्त होता, असं चित्र आजकाल रंगवलं जातं. मक्दालाला तो विश्वस्त पिशवी घेऊन रांगेत उभा होता. पंतप्रधान ग्लॅडस्टनला १८७१ साली पार्लमेंटमध्ये म्हणावं लागलं की या वस्तू आणल्या गेल्याचं त्याला मनापासून दुःख आहे. दीडशे वर्षं झाली.

इथिओपियाने २००७ साली रीतसर मागणी केली. २०१८ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने दीर्घ मुदतीची उसनवारी देऊ केली. इथिओपियाचं म्हणणं असं की आम्हाला आमचं आमच्या नावावर हवंय. वस्तू लंडनमध्येच आहेत.

ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात मक्दालाचे ११ ताबोत आहेत. ताबोत म्हणजे इथिओपियन चर्चच्या गाभाऱ्यातली पवित्र पाटी. धर्मगुरूंशिवाय कुणाची नजर तिच्यावर पडता कामा नये. म्युझियमने हा नियम पाळलाय, म्हणजे ते ताबोत बंद ठेवलेत, प्रदर्शनात नाहीत, अभ्यासकांना दाखवत नाहीत, स्वतःचे अधिकारीही पाहत नाहीत. जगाला पाहता यावं म्हणून आम्ही वस्तू ठेवतो, असं सांगणारी संस्था ११ वस्तू कुणालाही पाहता येऊ नयेत म्हणून ठेवते आहे. यावर मला खरोखर काही सुचत नाही.

‘जगाचं संग्रहालय’ हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. एका छताखाली इराक, चीन, ग्रीस, बेनिन पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिकीट नाही हीसुद्धा. पण तिकीट नसलं तरी व्हिसा आहे. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, बोटांचे ठसे देऊन मराठी माणूस जातो, तसाच घानाचा शाळामास्तरही जाणार. त्याच्या राजाची वस्तू पाहण्यासाठी. जगात जग कुणाचं धरलंय ते व्हिसाच्या खिडकीपाशी कळतं.

सुरक्षिततेचा मुद्दा तर आता कुणी काढूच नये. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला जाहीर करावं लागलं की त्यांच्या साठ्यातल्या सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या आहेत. संचालकांनी राजीनामा दिला. याच म्युझियमने १९५० ते १९७२ या काळात आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातले तीसेक पितळी पट्ट जादा नग म्हणून विकले किंवा बदल्यात दिले. त्यातले काही नायजेरियालाच, पैसे घेऊन. ‘आम्ही कधीच काही सोडत नाही’ हे खरं नाही. किंमत मिळत असेल तर सोडलंय.

राहता राहिला कायदा. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला लागू असलेला १९८३ चा राष्ट्रीय वारसा कायदा. विश्वस्तांना संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही, म्हणून बिचाऱ्यांना उसनं द्यावं लागतं. विश्वस्तांपुरतं हे खरं आहे. पण कायदा काही सह्याद्री नव्हे. तो ज्या पार्लमेंटने केला ते तिथून दोनतीन मैलांवर आहे. १९३९ साली नाझींनी एका ज्यू संग्राहकाच्या घरातून चार चित्रं नेली होती, ती ब्रिटिश म्युझियममध्ये निघाली. म्युझियमला ती परत द्यायची इच्छा होती. २००५ साली न्यायालयाने सांगितलं की नैतिक जबाबदारी कितीही असो, १९६३ चा कायदा आड येतो. मग पार्लमेंटने काय केलं? २००९ साली वेगळा कायदा केला, नाझी काळातल्या लुटीपुरता, आणि वाट मोकळी झाली. अगदी योग्य केलं. म्हणजे लूट ही लूट असते, मालकी तिने मिळत नाही आणि त्यासाठी कायदा वाकवावा लागतो, हे ब्रिटनला तत्त्व म्हणून मान्य आहे. हरकत फक्त तारखेला आणि लुटणाऱ्याच्या गणवेशाला आहे.

फ्रान्सने हेच केलं, जरा उशिरा आणि कंजूषपणे. १८९२ साली जनरल डॉड्सच्या फौजेने अबोमेतून, राजा बेहान्झिनच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तूंसाठी डिसेंबर २०२० मध्ये खास कायदा केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या बेनिन प्रजासत्ताकात (हा वेगळा देश, नायजेरियातलं बेनिन नव्हे) पोचल्या. कायद्याच्या चारच वर्षं आधी, सरकारी संग्रह अदेय आहेत, असं उत्तर तिथल्याच सरकारने दिलं होतं.

पण मला सर्वांत पटलं ते जर्मनीचं. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी बेनिन शहर, म्हणजे आजच्या नायजेरियातलं एदो लोकांचं राजनगर, जिंकलं तेव्हा हजारो पितळी आणि हस्तिदंती वस्तू राजवाड्यातून उचलल्या. स्वारीच्या आधीच, नोव्हेंबर १८९६ मध्ये, जेम्स फिलिप्स या अधिकाऱ्याने लंडनला लिहिलं होतं की राजाला हटवण्याचा खर्च भागेल इतकं हस्तिदंत त्याच्या वाड्यात सापडेल अशी आशा आहे. फिलिप्स पुढे त्या वाटेवरच मारला गेला आणि त्याच्या खुनाचा सूड म्हणून स्वारी झाली असं शिकवलं जातं. पत्र मात्र आधीचं आहे. या लुटीतलं बरंच काही लिलावांतून जर्मन म्युझियमांकडे गेलं होतं. २०२२ मध्ये जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावावर केली. सगळ्या वस्तू हलल्या नाहीत. बर्लिनच्या संग्रहातल्या दीडशेच्या वर वस्तू दहा वर्षांसाठी तिथेच राहिल्या, पण आता उसन्या. मालक नायजेरिया, उसनवारी करणारं बर्लिन. सातबारा फिरवला, नांगर तिथेच राहू दिला. वस्तू युरोपात दिसल्या पाहिजेत असा ज्यांचा आग्रह आहे त्यांना हे कबूल नसेल तर त्यांचा आग्रह दिसण्याबद्दल नव्हता.

इथे समोरून येणारे दोन प्रश्न टाळून चालणार नाही. पहिला: हे राजे तरी कुठे संत होते? नव्हते. असांते आणि बेनिन या दोन्ही राज्यांनी माणसं विकली. बेनिनच्या पट्टांसाठी लागणारं पितळ युरोपियन व्यापाऱ्यांच्या कड्यांतून आलं आणि त्या कड्यांनी गुलामही विकत घेतले जात. अमेरिकेतले गुलामांचे काही वंशज म्हणूनच म्हणतात की या वस्तूंत आमचाही वाटा आहे. तेवोद्रोसनेही मक्दालाचा ग्रंथसंग्रह गोंदर ही जुनी राजधानी लुटून भरला होता. चोरावर मोर, म्हणा हवं तर. पण मोराला त्यातून हक्क मिळतो, असं आपल्या म्हणीत कुठेच नाही. गुलामांच्या वंशजांचा दावा मला गंभीर वाटतो. तो त्यांनी कुमासीशी आणि बेनिन शहराशी बोलायचा आहे, लंडनच्या विश्वस्तांनी आपल्या ढालीसारखा वापरायचा नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे: द्यायचं कुणाला? नायजेरियात २०२३ साली राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंचा मालक बेनिनचा ओबा, म्हणजे राजा, असल्याचं जाहीर केलं आणि युरोपातल्या कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. केंब्रिजने ठरलेला हस्तांतराचा कार्यक्रम पुढे ढकलला. बेनिन शहरात नवं मोठं संग्रहालय उभं राहिलं, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या सुमारास ओबाच्या समर्थकांनी आत घुसून पाहुण्यांना बाहेर काढलं. घानातही करार सरकारशी झाला नाही, राजवाड्याशी झाला. प्रजासत्ताकात राजाला काय द्यायचं आणि सरकारला काय, हा तंटा खरा आहे आणि तो कुरूपही होऊ शकतो. आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडे एका तलवारीवरून किती घराणी आणि किती पक्ष भांडतात ते आपण पाहतोच. पण भावाभावांचं वाटणीवरून पटत नाही म्हणून शेजाऱ्याने शेत स्वतःकडे ठेवावं, हे कोणत्या चावडीवर चालेल?

असांतेहेने ओसेई टुटू दुसरे यांनी सही केली, याबद्दल त्यांना कुणी भित्रा म्हणेल. मी नाही म्हणणार. १९७४ साली, लुटीला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांच्या आधीच्या राजाने मागणी केली होती आणि नकार पचवला होता. पन्नास वर्षं वाट पाहिल्यावर, राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, आपल्या माणसांना ती तलवार एकदा तरी दिसू दे असं वाटणं यात कमीपणा नाही. ज्याला निवडायला एकच दार ठेवलंय त्याने ते दार निवडलं म्हणून दोष दार ठेवणाऱ्याचा. त्यांनी मालकीचा दावा सोडल्याचं कुठे म्हटलेलं नाही. पण कागद त्यांच्या मनातलं वाचत नाही, आणि २०२७ उजाडेल तेव्हा मुदत वाढवून मागायची पाळी कुमासीवर येते, लंडनवर नाही.

त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत, लुटीला बरोबर दीडशे वर्षं झाली त्या आठवड्यात, अमेरिकेतून सात वस्तू कुमासीला आल्या. लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमकडे त्या १९६५ साली ब्रिटनमधल्या एका संग्रहाचा भाग म्हणून देणगीत आल्या होत्या. सोन्याचा हार, हत्तीच्या शेपटीच्या केसांची चवरी, राजाची खुर्ची. फाउलरने अट घातली नाही, मुदत घातली नाही, हव्या तशा ठेवा, वापरा, नाहीतर पुरा, तुमच्या आहेत, अशा भावनेने दिल्या. आज मान्हियाच्या संग्रहालयात जाणाऱ्या कुमासीच्या शाळकरी पोराला या सात आणि त्या बत्तीस यांच्यात काही फरक दिसत नसेल. सोनं एकाच घडणावळीचं, लुटही एकाच राज्याची. तो बाहेर पडेल, मोठा होईल, कधीतरी आपल्या पोरांना घेऊन परत येईल. तेव्हा सात तिथे असतील.